चार व्होल्टचा आकाशकंदील

सात रस्त्यावर रस्ता ओलांडायचा म्हणजे छातीचं काम. विजापूर रोडकडून बस येतेय, होटगी रोडला निघालेल्या रिक्षा एकमेकींच्या कुशीत शिरतायत, आणि सिग्नल कुणाचा हे ठरायच्या आत एक मोटारसायकल मधे घुसलेली आहे. तुम्ही अंदाज घेता, पाऊल टाकता, आणि ते डांबरावर न पडता मुरमात रुततं.

ऑक्टोबर १९१४. दिवाळीला आठवडा राहिलाय. पाऊस सरला, पण थंडीचा पत्ता नाही. सोलापूरचं ऊन ऑक्टोबरातही मानेवर हात ठेवून बसतं. एक टांगा धूळ उडवत स्टेशनाकडे जातो. गिरणीचा भोंगा होतो आणि रस्त्यावरची चार माणसं घड्याळ नसलेल्या मनगटाकडे न बघताच पाय उचलतात. तुमच्या अंगावर धोतर, बंद गळ्याचा कोट, डोक्याला काळी टोपी. खांद्यावरच्या पिशवीत काहीतरी जड आहे, विटेएवढं. खिशात एक चिठ्ठी. ती मोडीत लिहिलेली आहे, पण तुम्हाला वाचता येते. या सफरीत तेवढी सोय केली आहे.

‘मोटारीचे बॅटरीवर जळेल असा विजेचा गोळा, नग ३. दिवाळीपूर्वी मिळणे.’

चिठ्ठी तुमच्या शेठजींच्या दिवाणजींची. शेठजी कापडाचे व्यापारी, त्यांच्याकडे मोटार आहे आणि त्या मोटारीचं सगळं तुम्ही बघता. मागच्या दिवाळीत वाड्यावरच्या आकाशकंदिलातली पणती वाऱ्याने कलंडली, कामट्या आणि पतंगी कागद क्षणात पेटले आणि जळता कागद शेजारच्या कडब्यावर पडता पडता राहिला. शेठजींचं मुंबईला जाणं-येणं असतं. तिथे १९०७ पासून ट्रामसुद्धा विजेवर पळते, मग आपला कंदील विजेवर का नाही, असं त्यांच्या मनात आलं. मनात आलं म्हणजे हुकूम झाला.

पिशवीतली वीट बाहेर काढून बघा. सेल्युलॉइडची अर्धपारदर्शक पेटी, आत शिशाच्या पट्ट्या, गंधकाचं आम्ल, वर पितळेची दोन मळसूत्रं. हा ॲक्युम्युलेटर. दोन घरं, प्रत्येक घराचे साधारण २ व्होल्ट, मिळून ४. मोटारीत याचं काम उजेड देण्याचं नाहीच. इंजिनात ठिणगी पाडायची, बस. मोटारीचे पुढचे दिवे कार्बाईडवर जळतात, मागचा रॉकेलवर. ॲक्युम्युलेटर रस्त्यात संपला तर मोटार बैलांनी ओढून आणावी लागते, म्हणून शेठजींकडे दोन आहेत. त्यातला हा जादा.

तेव्हा प्रश्न असा: ४ व्होल्टवर नीट उजळेल असा दिवा सोलापुरात कुठे मिळेल?

तुम्ही एकविसाव्या शतकातून आलात, म्हणून तुम्हाला वाटेल की कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात जाऊ. तसं दुकान नाही, कारण शहरात घरोघर वीज नेणारी तारच नाही. रस्त्यावर रॉकेलचे दिवे, घरात चिमण्या आणि कंदील, लग्नकार्यात आणि नाटकात फारतर किटसनची गॅसबत्ती. घरातला कंदीलही परदेशी; ओगल्यांचा कंदिलांचा कारखाना निघायला अजून दोन वर्षं आहेत. विजेचा दिवा सोलापुरात आहे, पण बेटांवर राहावा तसा. एक बेट गिरणीत, एक रेल्वेच्या डब्यात, एक कुणाच्या तरी कोटाच्या खिशात. या बेटांचे व्होल्ट एकमेकांशी जुळत नाहीत.

आधी गिरणीकडे चला, कारण ॲक्युम्युलेटर भरायलाही तिथेच जावं लागतं.

मुरारजी पेठेच्या बाजूला धुराडी दिसतात. मुरारजी गोकुळदासांची १८७७ ची गिरणी, जिला गाव आताच जुनी गिरणी म्हणायला लागलंय, आणि नंतरच्या तिच्या बहिणी. आपण कुठल्या गिरणीत शिरलो ते सांगत नाही. इंजिनघरात वाफेच्या इंजिनाच्या पट्ट्यावर एक डायनॅमो फिरतोय. शेजारी पाटीवर तांब्याचे जाड खटके. तिथला वायरमन तुमच्याकडे बघून ओळखीचं हसतो.

“पुन्हा आणलाव का मास्तर? ठेवा तिकडं. चार दिसांनी न्या.”

“गोळा हवाय एक. चार व्होल्टचा.”

“चार?” तो वर बोट दाखवतो. “आमच्यात सगळे एकशेदहाचे.”

वर टांगलेले दिवे बघा. पेरूएवढ्या काचेत कोळशाची बारीक तार, केसाचा वेढा घातल्यासारखी. उजेड पिवळट, तांबूसही म्हणता येईल. एडिसनने १८७९ मध्ये दाखवलेल्या दिव्याचाच हा वंशज. एका मेणबत्तीएवढ्या उजेडाला हा सुमारे साडेतीन वॅट खातो. गिरणीला त्याचं काय, इंजिन फिरतंच आहे. मुंबईच्या गिरण्यांत हे दिवे आले तेव्हा मालकांना सूर्य मावळण्याची अडचण उरली नाही, आणि कामगारांचा दिवस चौदा-पंधरा तासांवर गेला. १९०५ मध्ये त्यावरून मुंबईत दंगा झाला, चौकशी झाली आणि १९११ च्या कायद्याने कापडगिरणीत मोठ्या माणसाचा दिवस १२ तासांचा ठरला. विजेच्या दिव्याचं कौतुक करणाऱ्या लेखात हे सहसा येत नाही, म्हणून इथे सांगून ठेवतो.

पण वायरमन आत्ता काय करतोय तिकडे लक्ष द्या. डायनॅमोची एक तार तो सरळ तुमच्या ॲक्युम्युलेटरला लावत नाही. मधे एक ३२ मेणबत्त्यांचा मोठा कोळशाचा दिवा घालतो. दिवा लागतो, जवळजवळ नेहमीसारखाच, आणि त्याच्यातून गाळून आलेली साधारण १ अँपिअर वीज तुमच्या पेटीत शिरते. ११० व्होल्ट थेट अंगावर आले असते तर पट्ट्या वाकल्या असत्या. म्हणजे जो दिवा तुमच्या कामाचा नाही तोच तुमची बॅटरी भरून देतोय, आणि वरून इंजिनघराला उजेडही. अशा जुगाडाला त्या काळच्या पुस्तकात रीतसर आकृती असते.

तो दिवा तुमच्या ४ व्होल्टवर लावून बघितला तर? काहीच नाही. कोळशाची तार गरमसुद्धा होत नाही.

तो ॲक्युम्युलेटर तिथेच ठेवा. शेठजींच्या मोटारीतला दुसरा, भरलेला, पिशवीत घाला आणि स्टेशनावर चला.

रेल्वे सोलापुरात १८६० मध्ये आली. पुढे रायचूरपर्यंत रूळ गेले आणि मुंबई-मद्रास हा रस्ता जुळला. मेल उभी आहे. फलाटावर आज नेहमीपेक्षा जास्त बोलणं चाललंय. लढाई सुरू होऊन अडीच महिने झालेत. २२ सप्टेंबरच्या रात्री ‘एमडेन’ नावाच्या जर्मन जहाजाने मद्रासवर तोफा डागून बर्मा ऑइल कंपनीच्या तेलाच्या टाक्या पेटवल्या, आणि मद्रासहून आलेला प्रत्येक उतारू आपण ते स्वतः पाहिल्यासारखं सांगतोय. टाक्या पेटल्या म्हणजे रॉकेल महागणार, हा निष्कर्ष फलाटावरच काढला जातो. शेजारी एकजण केसरी मोठ्याने वाचतोय; टिळक जूनमध्ये मंडालेहून सुटून आल्यापासून केसरीभोवतीची गर्दी वाढलीय.

तुम्ही पहिल्या वर्गाच्या डब्याखाली वाका. दोन चाकांच्या मधे एक लोखंडी पिंप लटकतंय, आसाला पट्टा लावलाय. हा डायनॅमो. इंग्लंडच्या जे. स्टोन कंपनीची ही व्यवस्था हिंदुस्थानातल्या अनेक रेल्वेंनी घेतली. तिच्यातली गंमत पट्ट्यात आहे. गाडी जोरात धावली की डायनॅमो जोरात फिरणार, व्होल्ट वाढणार, दिवे उडणार. म्हणून डायनॅमो असा झुलता टांगलाय की वेग वाढला की पट्टा घसरायला लागतो. हुशारी करून घसरायला लावलेला पट्टा! गाडी थांबली की डब्याखालची बॅटरी दिवे सांभाळते. शिशाची बारा घरं, २४ व्होल्ट.

तपासणीसाठी आलेला फिटर तुमच्या हातात एक सुटा दिवा देतो. बघायला, न्यायला नाही. काचेवर कंपनीचा शिक्का आहे. तुम्ही पिशवीतूनच दोन तारा काढून लावता. डब्याच्या सावलीत, डोळे जवळ नेऊन पाहिलं तर तार विझत्या विडीसारखी तांबूस झालेली. वीज कमी नाही, व्होल्ट कमी आहेत. हा दिवा सहापट दाबाची वाट बघतोय.

“घरला लावाया चोरून नेतात काय हो हे?”

“नेत्यात की. पन लावनार कशावर?” फिटर हसतो. “मुंबईत घरच्या लाइनला लावला की फट्.”

आपल्या रेल्वेने पुढे कित्येक दशकं २४ व्होल्टच ठेवले. डब्यातले दिवे घरी निरुपयोगी असणं ही रेल्वेला फुकट मिळालेली राखण होती. आता तुम्ही दिवा परत द्या.

स्टेशनापासून तारऑफिस लांब नाही, आणि तुमच्या डोक्यात एक कल्पना आलीय. दिव्याला व्होल्ट जुळत नसतील तर दिव्याप्रमाणे व्होल्ट जमवू. तारऑफिसात तर बॅटऱ्यांची रांगच आहे. खरंच आहे: फळीवर काचेच्या बरण्या, तळाशी तांबं आणि मोरचूद, वर भुसा, त्यावर जस्त. मिनोत्तो नावाच्या माणसाची ही बरणी हिंदुस्थानच्या तारखात्यात वर्षानुवर्षं चालली, कारण तिला कुणी हात लावला नाही तरी ती महिनोन्‌महिने मुकाट काम करते. एका बरणीचे जेमतेम १ व्होल्ट. चार-पाच जोडल्या की झाले ४, बावीस-तेवीस जोडल्या की रेल्वेचा दिवासुद्धा.

नाही होत. दिवा लावून बघा, अंधारच. या बरण्या व्होल्ट देतात, वीज देत नाहीत. भुशातून आणि मोरचुदाच्या पाण्यातून वाट काढताना तिचा सगळा जोर आतच संपतो. मद्रासपर्यंत टकटक पोचवायला जेवढी लागते तेवढी निघते, तारेला पांढरी करायला लागते त्याचा अंशही नाही. चार व्होल्ट म्हटले की काम झालं असं वाटत होतं ना? व्होल्ट हा नुसता अर्धा पत्ता आहे. घराचं नाव मिळालं, गल्ली राहिली.

तारबाबू तुमच्याकडे संशयाने बघतोय. लढाईचे दिवस आहेत, सरकारी बॅटरीला तारा लावणाऱ्या माणसाने तिथे फार वेळ न थांबलेलं बरं.

आता बाजार. टांगा करा, पेठेत ऊन कमी लागतं. मंगळवार पेठेच्या गल्ल्यांत मराठी, कानडी, तेलुगू, उर्दू एकाच दुकानाच्या पायरीवर ऐकू येतात. मागावरून उतरलेली लुगडी, सुताच्या लडी, आणि आज एका रंगाऱ्याच्या दारात भांडण. लाल रंगाचा भाव ऐकून माग चालवणारा हबकलाय. आलिझरीनचा लाल आणि कृत्रिम नीळ जर्मनीतून यायची. ऑगस्टपासून जर्मनीशी व्यापार बंद. रंगाऱ्याच्या फळीवरचे डबे संपले की संपले. हे भांडण लक्षात ठेवा, तुमच्या बल्बचंही त्याच देशाशी नातं आहे.

सायकलींच्या दुकानात पहिल्यांदा विचारा. दुकानदार कार्बाईडचा दिवा काढून दाखवतो: खाली खडे, वर पाणी, थेंब थेंब पडला की वायू, आणि तो वास, जो एकदा नाकात गेला की जेवणापर्यंत सोबत करतो. उजेड झकास. पण आकाशकंदिलात कार्बाईड म्हणजे पणतीहून मोठी आग. “विजेचं पायजे असंल तर घड्याळजीकडं जावा,” तो म्हणतो. “त्या बॅटऱ्या त्येच विकतो.”

घड्याळजीचं दुकान म्हणजे एक माणूस मावेल एवढं खोपटं. डोळ्याला भिंग, समोर काचेखाली झाकलेली पोटं उघडी घड्याळं. तुम्ही चिठ्ठी वाचून दाखवता. तो काही न बोलता खालून एक चिरुटाचा पत्र्याचा डबा काढतो आणि झाकण उघडतो.

आत १९ बल्ब. वाटाण्याएवढे.

हे इथे कसे आले, ते त्याच्याच तोंडून ऐका. साहेबलोक आणि हौशी मंडळी मुंबईहून खिशातली बॅटरी मागवतात, दाबली की उजेड. पण तिच्या आतली कोरडी सेल विलायतेहून बोटीने येते, मुंबईच्या वखारीत पावसाळा काढते, सोलापूरचा एक उन्हाळा बघते आणि न वापरताच मरते. नवी सेल मिळत नाही, मिळाली तर तीही अर्धमेली. मग लोक ते पितळी डबडं घड्याळजीला दोन-चार आण्यांत देऊन टाकतात. सेल फेकायची, पितळ मोडीत, आणि बल्ब? बल्ब शाबूत असतो. सेल त्याच्याआधी गेलेली. “टाकायला जीव हुईना,” घड्याळजी म्हणतो. “एवढुसं काम हाय बघा, घड्याळापेक्षा बारीक.”

एक उचला आणि त्याच्याकडून भिंग मागून घ्या. आत तार आहे, पण गिरणीतल्यासारखी कोळशाची नाही. धातूची आहे, आखूड, आणि लांबीच्या मानाने जाडसर. हा वुल्फ्रॅम, आपण टंगस्टन म्हणतो तो. गिरणीच्या ३२ मेणबत्त्यांच्या दिव्यापेक्षा जग या वाटाण्यात जास्त बदललंय, असं माझं मत आहे.

कोळसा उधळा आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. व्हिएन्नाच्या आउअर फॉन वेल्सबाखने ऑस्मियमची तार केली, ती विसाव्या शतकाच्या तोंडावर बाजारात आली. सीमेन्सने १९०५ मध्ये टँटलम आणला. युस्ट आणि हानामान या जोडीने टंगस्टन बसवला. ऑस्मियम आणि वुल्फ्रॅम जोडून १९०६ मध्ये जर्मनीत ‘ऑस्रम’ हे नाव नोंदलं गेलं. अडचण अशी की धातूत वीज सहज वाहते. ११० किंवा २२० व्होल्टवर तिला अडवायची तर तार खूप लांब आणि खूप बारीक लागते, आणि सुरुवातीची टंगस्टनची तार म्हणजे भुकटी दाबून, भाजून केलेली. टांग्याने खड्डा घेतला की तुटणारी. कूलिजने तापवून, ठोकून, ओढून तिची लवचीक तार काढली ती १९१० च्या सुमारास. पण ज्याला ३–४ व्होल्टच हवे होते त्याला ही अडचण कधी आलीच नाही. तिथे तार आखूड आणि जाड. हादरा बसला तरी बेफिकीर. मोठ्या व्होल्टच्या दिव्याचा दोष तो लहान व्होल्टच्या दिव्याचा गुण ठरला.

आणि हिशेब बघा. चार मेणबत्त्यांचा उजेड ४ व्होल्टवर कोळशाने द्यायचा तर साडेतीन अँपिअर लागतील. तुमचा २० अँपिअर-तासांचा ॲक्युम्युलेटर पावणेसहा तासांत झोपेल. टंगस्टनला मेणबत्तीमागे सव्वा वॅट पुरतो. तोच उजेड सव्वा अँपिअरमध्ये, म्हणजे १६ तास. याआधी बॅटरीवरचा दिवा ही थाटाची गोष्ट होती. १८८२ मध्ये लंडनच्या सॅव्हॉय थिएटरात पऱ्यांचं काम करणाऱ्या नट्यांच्या केसांत स्वॅनचे चिमुकले दिवे लावले होते, बॅटरी पोशाखात दडवलेली. टाळ्या पडेपर्यंत टिकले म्हणजे झालं. रोज रात्री परसात जाताना हातात धरायचा दिवा टंगस्टनमुळे झाला. गंमत म्हणून ध्यानात घ्या, तुमच्या मोबाइलच्या टॉर्चमधला पांढरा एलईडीसुद्धा ३ व्होल्टच्या आसपासच चालतो.

बल्बच्या पितळी बुडावर बारीक अक्षरं आहेत. काहींवर ३.५, काहींवर २.५, बाकीची घासून गेलीत. काहींवर जर्मनीचं नाव. घड्याळजी तेवढ्यांवर बोट ठेवतो. “हे आता येत न्हाईत.” हिंदुस्थानात कुठेच विजेचा दिवा बनत नाही. तळेगावला पैसा फंडाचा काच कारखाना १९०८ पासून चालू आहे, लोकांच्या पैशा-पैशाने उभा राहिलेला. काच होईल आपल्याकडे. पण आतली हवा काढायचा पंप, ती तार, काचेबरोबर सारखीच फुगणारी आणि आकसणारी जोडतार हे सगळं समुद्रापलीकडे. रंगाऱ्याचा लाल आणि घड्याळजीचा वाटाणा एकाच बंद दाराच्या अलीकडे अडकलेत.

आता पारख. घाईने ४ व्होल्ट देऊ नका. बॅटरी नुकतीच भरलेली असेल तर ती चारच्याही वर असते. घड्याळजीकडून दोन हात बारीक लोखंडी तार घ्या आणि मधे घाला; लोखंड तांब्यापेक्षा पुष्कळ अडवतं. एकेक बल्ब लावा. पहिला लागत नाही, दुसरा लागत नाही, तिसरा लागतो आणि खोपट्यातली सगळी घड्याळं एकदम दिसतात. १९ पैकी ११ जिवंत. बाकीच्यांच्या तारा बोटीत, आगगाडीत, कुणाच्या तरी खिशात तुटलेल्या.

अकरावा लागल्यावर घड्याळजीला राहवत नाही. “लोखंडाची कटकट कशाला, सरळ लावा की!” म्हणत तो एक बल्ब उचलून थेट बॅटरीला टेकवतो. निळसर पांढरा लखलखाट, आणि काच आतून काळी. २.५ चा होता.

“ह्याचे पैसे धरू नका,” तो म्हणतो.

बसवायला होल्डर नाहीत. मोटारीच्या विजेच्या दिव्यांना बाजूला खिळे असलेलं बूड, या बल्बांना आटे, टांगायचं कशात? समोरच्या कल्हईवाल्याला हाक मारा. त्याच्याकडे नवसागर आहे, कथील आहे, भट्टी पेटलेली आहे. तो वाटाण्याएवढं काम बघून आधी हसतो, मग जीभ बाहेर काढून, एका श्वासात, तीन बल्बांच्या बुडांना तांब्याच्या तारा झाळून देतो. काच गरम होऊ नये म्हणून ओल्या फडक्यात धरलेली. पातेल्यांना कल्हई करणाऱ्या हाताला हे जमतं, यात नवल वाटायला नको.

वाड्यावर संध्याकाळी दिवाणजी, शेठजी, मुलं, शेजारची मुलं. तिन्ही बल्ब शेजारी शेजारी, प्रत्येकाला पुरे व्होल्ट मिळतील असे जोडलेत. मधे लोखंडाची ती दोन हात तार. ओसरीवर बॅटरीला लावून दाखवता. लख्ख. शेठजी मान डोलावतात. मग कंदील वीस हात उंच काठीवर चढवला जातो, बॅटरी खाली ओट्यावर, आणि दोहोंच्या मधे वाड्यातल्या विजेच्या घंटेसाठी आणलेली बारीक तांब्याची तार, जायची वीस हात, यायची वीस हात.

कंदील लागतो. मलूल. पणतीपेक्षा मलूल.

“खाली तर चांगला होता की ओ मास्तर!”

घामेजू नका, विचार करा. गिरणीत ११० व्होल्टमधला अर्धा व्होल्ट तारेत मेला तर कुणाच्या बापाला कळत नाही. इथे एकूण पुंजीच चार. चाळीस हात घंटेच्या तारेने जवळजवळ तेवढंच अडवलंय जेवढं ते दोन हात लोखंड अडवत होतं. दोघांनी मिळून दिव्याला उपाशी ठेवलं. लोखंडाची तार काढून टाका. मळसूत्राखालचं तांबं चाकूने खरवडून चकचकीत करा, घट्ट आवळा. लहान व्होल्टला मळकट सांधाही भारी पडतो.

पुन्हा लावा. आता कंदिलाच्या चांदण्या भिंतीवर उमटतात. तीन बल्ब, प्रत्येकी साधारण ०.३ अँपिअर, सगळे मिळून ०.९, रोज पाच तास जाळलात तरी चार संध्याकाळी निघतील आणि बॅटरीत दोन घास उरतील. वारा सुटला तरी काही पेटत नाही. गल्लीतलं एक पोर विचारतं, आत तेल कोण घालतं?

मुंबईलाही तुम्ही पंधरा दिवसांपूर्वी पत्र टाकलं होतं. शहाणा माणूस एका दारावर विसंबत नाही. लढाईपूर्वीची छापील यादी बघून तुम्ही मोटारीच्या बाजूच्या दिव्याचे ४ व्होल्टचे बल्ब व्ही.पी.ने मागवले होते. पार्सल नरकचतुर्दशीला येतं. पोस्टमन पैसे मोजून घेतो. कापसात गुंडाळलेले तीन सुंदर बल्ब, आणि एक चिठ्ठी: मागितलेला माल लढाईमुळे शिल्लक नसल्याने त्याऐवजी ८ व्होल्टचे पाठवले आहेत. दिवाणजी तुमच्याकडे बघतात. तुम्ही सांगता की आठवर चालवायचे तर शेठजींचे दोन्ही ॲक्युम्युलेटर एकामागोमाग जोडावे लागतील, म्हणजे मोटार दिवाळीभर दारात उभी राहील. दिवाणजी बल्ब कपाटात ठेवून कुलूप लावतात.

भाऊबिजेच्या रात्री शेठजी तुम्हाला बोलावतात. खुशीत आहेत. कंदील बघायला पेठेतून माणसं आली होती.

“संक्रांतीला गड्डा भरंल,” ते म्हणतात. “सिद्धेश्वराच्या यात्रेत आपल्या दुकानाच्या मांडवाला असलेच पन्नास लावू.”

“पन्नासांना पंधरा अँपिअर लागतील, शेठजी. ही बॅटरी सव्वा-दीड तासात बसेल. पंधराने उपसली तर त्याआधीच.”

“मग?”

तुम्ही पाटी मागून घेता. गिरणीतून डायनॅमो मिळाला तर ११० व्होल्ट. साडेतीनचे बल्ब शेजारी शेजारी न लावता एकामागे एक ओवायचे, माळेसारखे. ३२ बल्बांत ११० जवळजवळ बरोब्बर वाटले जातात. वीज लागेल फक्त ०.३ अँपिअर. एक गेला तर सगळी माळ विझेल, म्हणून जवळ चार-पाच जादा हवेत.

शेठजींना माळेची कल्पना भलतीच आवडते. दिवाणजी दौत पुढे ओढतात, टाक बुडवतात. “नग किती लिहू?”

“छत्तीस.”

“घड्याळजीकडं किती हायत?”

“सात.”